कामे आणू नयेत

समाजसेवक निवृत्त होऊ शकतो का, हा प्रश्न आमच्या वसईत आजोबांच्या आधी कुणाला पडला नव्हता. पडायचं कारणही नव्हतं. इथे समाजसेवक चौकातल्या फ्लेक्सवर उगवतो, निवडणुकीत फुलतो, आणि तिकीट मिळालं नाही की दुसऱ्या रंगाच्या फ्लेक्सवर पुन्हा उगवतो. त्याला निवृत्तीचं वय लागू नाही. आजोबांनी मात्र एका सकाळी पेंटर बोलावला आणि फाटकावर पाटी रंगवून घेतली : 'दामूभाऊ. निवृत्त समाजसेवक. कामे आणू नयेत.'

पाटीचा परिणाम एवढाच झाला की लोक आधी पाटीची चौकशी करायला येऊ लागले. "भाऊ, असं का हो लिवलंय?" आजोबा सविस्तर कारण सांगायचे. तोवर चहा व्हायचा, आणि चहा संपता संपता रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव नाहीतर सुनेशी न पटणारी सासू बाहेर निघायचीच. आजी आतून म्हणायची, "पाटी लावून गिऱ्हाईक वाढलं. आता खाली टायमिंग पन लिवून टाका."

आमचं गाव वसईच्या पश्चिमेला, वाड्यांचं. केळी, पानवेली, मोगरा, आणि या सगळ्याला पाणी शिंपता शिंपता वाकलेली माणसं. आजोबांचीही वाडी होती. ते स्वतःला शेतकरी म्हणवत आणि उरलेला वेळ समाजाला देत. उरलेला वेळ म्हणजे सूर्योदयापासून जेवणापर्यंतचा आणि जेवणापासून झोपेपर्यंतचा. वाडी आजीने केली. गावात कुणाच्या नळाला पाणी नसलं तर आजोबा चप्पल शोधायचे, पण आमच्या मोरीतला नळ मी शाळेत होते तेव्हापासून गळत होता. एकदा आजीने त्यांच्यासमोर पाट मांडला, त्यावर बसली आणि म्हणाली, "मी नागरिक हाय. माजा नळ गळतो. निवेदन कोनाला देऊ?" आजोबांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, पाठपुरावा करतो म्हणाले आणि बाहेर गेले. नळ शेवटी माझ्या वडिलांनी बदलला.

त्यांची काम करण्याची पद्धत एकच होती : बसणं. मोर्चा, घेराव, उपोषण यातलं काही नाही. उपोषणाला तर ते हसायचे. "उपाशी माणूस लवकर कंटाळतो. खाऊनपिऊन बसावं." घडीची एक लोखंडी खुर्ची, डबा आणि वर्तमानपत्र घेऊन ते कचेरीत जायचे, साहेबांच्या टेबलासमोर खुर्ची उलगडायचे आणि बसायचे. बोलायचे नाहीत. अर्ज का नाही करत, असं विचारलं की म्हणायचे, "अर्ज फायलीत मावतो. माणूस मावत नाही."

एकदा आमच्या आळीचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि नवा येता येईना. आजोबा विजेच्या कचेरीत जाऊन बसले. साहेबांनी आधी दुर्लक्ष केलं, मग चहा पाठवला. आजोबांनी तो परत केला. "चहा घेतला की आपण पाहुणे होतो, आणि पाहुण्याला निरोप देतात." साहेब आणखी काही दिवस टिकले. मग एका दुपारी, ऐकायला रोज कुणीतरी समोर बसलेलंच आहे म्हणून असेल, त्यांनी मुलीचं लग्न जमत नसल्याचं सांगायला सुरुवात केली. आजोबांनी आगाशीकडचा एक मुलगा सुचवला. लग्न जमलं, आणि हळद लागायच्या आत ट्रान्सफॉर्मर खांबावर चढला. गावात त्याला अजून 'जावई' म्हणतात. जावई गरम झाला, जावई बंद पडला, असं लोक अगदी सहज बोलतात. हा भ्रष्टाचार होता की समाजकार्य, यावर आमच्या घरात दर गणपतीत वाद होतो.

त्यांना दोषच नव्हते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. ते भाषण लांबवायचे. बारशालाही 'अध्यक्षमहोदय' म्हणून सुरुवात करायचे आणि पाळण्यातलं बाळ सोडून बाकी सगळे झोपायचे. फ्लेक्सबाजीला त्यांनी जन्मभर शिव्या दिल्या, पण एखाद्या फ्लेक्सच्या कोपऱ्यात आपलं नाव दिसलं तर 'मू' ऱ्हस्व आहे की दीर्घ ते पाहून मगच पुढे जायचे.

ते निवृत्त का झाले, हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं. गुडघे दुखतात, असं ते लोकांना सांगायचे. खरं कारण बावखल होतं.

वसईबाहेरच्या माणसाला बावखल म्हणजे काय हे सांगावं लागतं. वाडीत खोदलेलं लहानसं तळं, काठाला झाडं, तळाला माती. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत उतरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. समुद्र इतका जवळ असून आमच्या पूर्वजांनी केळी पिकवली ती या जोरावर. पुढे जागेला भाव आला आणि एकेक बावखल बुजत गेलं. कामणच्या बाजूने डंपर यायचे, डेब्रिज ओतायचे, आणि दोन वर्षांनी तिथे इमारत उभी राहायची, तिच्यावर 'लेक व्ह्यू' असं नाव. विहिरी मचूळ झाल्या. आमचीही झाली. आम्ही प्यायला जार आणायला लागलो.

शेवटी गावात एकच बावखल उरलं. आमच्या घरामागचं, सगळ्या भावकीचं सामायिक. शेजारी टॉवर येणार होता आणि त्याचा रस्ता नेमका बावखलातून जाणार होता. आजोबा खुर्ची घेऊन तहसील कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी सातबारा पुढे केला. "भाऊ, यात बावखल कुठे आहे दाखवा. इथे पोटखराब लिहिलंय." लागवडीला न येणाऱ्या जमिनीला सातबाऱ्यावर पोटखराब म्हणतात. साहेब वाईट नव्हते. "जो शब्द कागदावर नाही, तो मी कसा वाचवू?" असं त्यांनी खरोखर काकुळतीने विचारलं. आजोबा त्या कचेरीत सबंध उन्हाळा बसले. पहिल्यांदाच बसून काही झालं नाही. पाटी रंगवली ती त्यानंतर. आम्हाला ती गंमत वाटायची. आजी मात्र त्या पाटीकडे बघून एकदा म्हणाली, "हरलेत ते. उगाच हसू नका."

असं असताना आजोबा वारले. म्हणजे फ्लेक्सवर.

झालं ते असं. मनवेलपाड्यात विकीदादा नावाचे एक युवा समाजसेवक राहतात. आमचं गाव त्यांच्या भावी वॉर्डात येणार होतं, म्हणून त्यांनी आजोबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचं ठरवलं. त्यांच्या कार्यकर्त्याने सातिवलीच्या फ्लेक्सवाल्याला आजोबांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'कालच्यासारखंच बनव.' आदल्या दिवशी त्याच कार्यकर्त्याने कुणाच्या तरी वडिलांचा फ्लेक्स करून घेतला होता. फ्लेक्सवाला आज्ञाधारक होता. सकाळी नाक्यावर आजोबा झळकले, चारी बाजूंनी पांढरी फुलं, कोपऱ्यात समई, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली हात जोडलेले विकीदादा.

खरी गंमत पुढे आहे. विकीदादांनी सकाळी तो फ्लेक्स पाहिला आणि त्यांचाही विश्वास बसला. भाऊ गेले, आणि आपली पोरं किती फास्ट आहेत, असं त्यांना वाटलं. ते पाहून सातिवलीच्या एका भावी नगरसेवकांनी दुपारपर्यंत त्याहून मोठा फ्लेक्स लावला. संध्याकाळी तिसरा लागला. घरी येऊन माणूस खरंच गेलाय का, हे बघायची कुणाला गरज वाटली नाही, कारण तीन फ्लेक्स म्हणजे पुरावाच की. गावातले लोक तेवढे आले. पांढरे कपडे घालून फाटकातून आत शिरले, तर मयत ओट्यावर बसून केळं सोलत होती.

आजोबा नाक्यावर जाऊन स्वतःची श्रद्धांजली वाचून आले. आम्हाला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "मेलो त्याचं काही नाही. मू ऱ्हस्व आहे."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. विकीदादा होते. आवाज इतका मोठा होता की आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "भाऊंच्या घरून बोलताय ना? फार वाईट झालं."

"वाईट झालं खरं," आजोबा म्हणाले.

"आपण कोण?"

"घरचाच माणूस."

"उद्या हॉलमध्ये शोकसभा ठेवतोय. सगळे लीडर येणार, साहेब लोक पण येणार. भाऊंची काही लास्ट विश वगैरे होती का? म्हणजे भाषणात घेता येईल."

आजोबांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग चढताना मी पाहिला. ते म्हणाले, "एक बावखल आहे."

फोन ठेवल्यावर आजी म्हणाली, "जित्या मानसाची शोकसभा? पाप लागंल." आजोबा म्हणाले, "जिवंतपणी कुणी ऐकलं का? मग मेल्यावर ऐकतायत तर ऐकू दे." सगळ्या गावाने तोंड शिवून ठेवलं. अडचण आली फक्त पास्कलकाकांची. हे आमचे शेजारी आणि आजोबांचे जन्माचे मित्र. गावातर्फे पहिलं भाषण त्यांनी करायचं ठरलं. काका म्हणाले, "दामू, मी खोटं बोलणार नाय. रविवारी मिस्सेला जायचं हाय, उगाच कुमसाराला फादरपुढे कबूल करायचं एक पाप वाढवू नको." बराच वेळ घासाघीस होऊन असं ठरलं की काकांनी फक्त खरी वाक्यं बोलायची.

आणि काका तीच बोलले. हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून, घसा खाकरून ते म्हणाले, "आज दामूभाऊ या मंचावर नाहीत. माझ्या घरी ते रोज यायचे, आज आले नाहीत. त्यांची एकच इच्छा अपुरी आहे. आमचं बावखल वाचावं." शेवटच्या रांगेत कानटोपी आणि मास्क घालून बसलेले आजोबा मान डोलवत होते.

मग जी चढाओढ लागली ती काय सांगावी! विकीदादा म्हणाले, "भाऊंच्या बावखलाला कोणी टच केला तर गाठ माझ्याशी आहे." सातिवलीचे भावी नगरसेवक म्हणाले, टच सोडा, बघितलं तरी गाठ आहे. टॉवरवाले शेठसुद्धा आले होते, ते भरल्या गळ्याने म्हणाले की रस्ता आपण दुसरीकडून घेऊ. शेवटी कचेरीतले साहेब उठले. तेच, सातबारावाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "त्या जागेची बावखल म्हणून नोंद करायचा प्रस्ताव मी स्वतः पाठवीन," असं ते माइकवर, सगळ्या गावासमोर म्हणाले. पोटखराब हा शब्द त्यांनी उच्चारलाही नाही. माझ्या शेजारी आजी बसली होती, तिने माझा हात घट्ट धरला.

सूत्रसंचालकाने 'आता आभारप्रदर्शन' असं म्हटलं, तेव्हा आजोबा कानटोपी काढत मंचाकडे निघाले. एक बाई किंचाळल्या. विकीदादांनी झटकन वाकून पायांना हात लावला. श्रद्धेने, की माणूस गरम आहे का ते बघायला, हे आम्हाला कळलं नाही. आजोबांनी माइक धरला. "अध्यक्षमहोदय," ते म्हणाले, आणि पुढे बराच वेळ सर्वांची नावं घेऊन, कोणी काय कबूल केलं त्याच्यासकट आभार मानले. स्वतःच्या शोकसभेत आभार मानणारी मयत वसईत तरी ही पहिलीच असावी. सभेचं मोबाइलवर चित्रण चालू होतं, त्यामुळे कुणालाच शब्द फिरवता आला नाही. विकीदादा तर लगेच सावरले. दुसऱ्या दिवशी नाक्यावर नवा फ्लेक्स होता, 'दामूभाऊ परत आले', खाली विकीदादा. 'मू' अजूनही ऱ्हस्वच.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण बावखल वाचवलं म्हणजे ते कुणीतरी वाचवलं हे दिसायला नको का? पुढच्या उन्हाळ्यात सुशोभीकरणाचा ठेकेदार आला. रंगीत टाइल्स, बाकडी, फायबरचे दोन बगळे, 'आय लव्ह बावखल' असा दिव्यांचा बोर्ड, आणि तळाला काँक्रीट. म्हणजे चिखल होणार नाही, पाणी निळं दिसेल. आजोबांनी ठेकेदाराला विचारलं, "मग पाणी जमिनीत उतरणार कुठून?" तो कौतुकाने म्हणाला, "उतरणारच नाही भाऊ, लीकेजची गॅरंटी देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीटची गाडी आली तेव्हा आजोबा कोरड्या पडलेल्या बावखलाच्या मधोमध खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. डोक्यावर छत्री बांधलेली, शेजारी डबा. ऐंशी पार केलेला माणूस आणि वैशाखाचं ऊन. माझे वडील खाली उतरून हातापाया पडले. विकीदादा आले, काठावरूनच ओरडले, "भाऊ, प्लीज, तब्येतीला जपा. तुमचंच काम चाललंय ना." आजोबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. दुपारी आजी डबा बदलायला गेली ती तिथेच फतकल मारून बसली. "माजा नळ नाय केलात," ती त्यांना म्हणाली, "हे तरी नीट करा." असे चार-पाच दिवस गेले. गाडीतला माल सुकायला लागला की ठेकेदाराला रडू यायचं. शेवटी तोड निघाली. काठाला टाइल्स, बगळे, बोर्ड सगळं होईल. तळाला कुणी हात लावायचा नाही. आजोबांनी बगळ्यांकडे बघितलं, हात जोडले आणि वर आले.

वर आले ते आजारी होऊनच. ऊन बाधलं, मग हृदयाने आणि मूत्रपिंडांनी एकमेकांशी असहकार पुकारला. त्यानंतरचे दोन पावसाळे ते घरात आणि हॉस्पिटलात आलटून पालटून होते. बावखल दोन्ही पावसांत भरलं. बगळ्यांच्या गुडघ्यांपर्यंत पाणी चढलं. संध्याकाळी पोरंपोरी त्या बोर्डासमोर फोटो काढायला येतात, त्यांना खाली काय चाललंय याचा पत्ता नसतो. आजोबांना हे सगळं मी जाऊन सांगायची. त्यांना मात्र एकच विचारायचं असायचं, आणि ते विचारायला घाबरायचे, हे मला दिसायचं. घरातल्या जारच्या सवयीमुळे विहिरीचं पाणी तोंडात घेऊन बघायचं आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं.

शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी त्यांचं मीठ पूर्ण बंद केलं. पेज अळणी, भाजी अळणी, पाणीसुद्धा मोजून. आजोबांनी मला खूण करून जवळ बोलावलं आणि म्हणाले, "विहिरीचं पाणी आण." आजी कपाळावर हात मारून म्हणाली, "बगा आता. डॉक्टरनी मीठ बंद केलंय, नि यांना खारं पानी पायजे."

मी संध्याकाळी पोहऱ्याने पाणी काढलं, बाटलीत भरलं आणि पर्समधून आत नेलं. नर्सची पाठ वळल्यावर त्यांना थोडं बसतं केलं आणि बाटली ओठाला लावली. हात इतके हलके झाले होते की बाटलीसुद्धा त्यांना मला धरू द्यावी लागली. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलंही नाही. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि तो कितीतरी वेळ तोंडात तसाच ठेवला. मग गिळला.

"डॉक्टरला सांग," ते म्हणाले, "मीठ कमी केलंय मी."

मी बाटलीतलं उरलेलं पाणी तोंडात घेतलं. खरंच कमी होतं.